प्रतारणा : एका शब्दाची ओळख आणि आठवण

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि राज्याचा कारभार लोकांच्या भाषेत चालावा या हेतूने त्याच वर्षी भाषा संचालनालयाची स्थापना करण्यात आली. पुढे १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठीच्या या स्थानाला कायद्याचा आधार मिळाला. पदनाम कोश, शासन व्यवहार कोश, न्यायव्यवहार कोश अशा कोशांमधून हजारो शब्द सिद्ध झाले. हे कार्य मोठे आहे, यात शंका नाही. परंतु शब्द कोशात आला म्हणजे तो माणसाच्या ओठी आला, असे होत नाही. कोशातील शब्द आणि चावडीवर अर्ज घेऊन आलेला माणूस यांच्यामधील अंतर शिक्षकाला, कार्यालयातील कर्मचाऱ्याला आणि पंचायतीच्या सदस्यालाच तोडावे लागते. ते कसे तोडावे, याचा विचार एकाच शब्दाच्या आधाराने करता येण्यासारखा आहे. तो शब्द म्हणजे ‘प्रतारणा’.

हा शब्द भाषणांत, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत आणि सभांच्या ठरावांत वारंवार येतो. मतदारांची प्रतारणा, ठेवीदारांची प्रतारणा, दिलेल्या शब्दाशी प्रतारणा असे प्रयोग कानांवर पडतात. ऐकणाऱ्याला काहीतरी वाईट घडले एवढा बोध होतो. नेमके काय घडले, हे मात्र पुष्कळांना सांगता येत नाही. अर्धवट कळलेला शब्द लवकर विसरला जातो आणि विसरला नाही तर चुकीच्या जागी वापरला जातो. या शब्दाच्या बाबतीत दुसरी गोष्ट अधिक घडते.

एका अक्षराचा घोटाळा

‘प्रतारणा’ आणि ‘प्रताडना’ हे दोन निरनिराळे शब्द आहेत. ‘प्रताडना’ या शब्दात ‘ताडन’ आहे, म्हणजे मारणे, आघात करणे. हिंदीत हा शब्द छळ, जाच या अर्थी सर्रास वापरला जातो आणि तेथे त्यातील ‘ड’चा उच्चार ‘र’च्या जवळ जातो. हिंदी बातम्या रोज कानांवर पडत असल्यामुळे तो मराठीत शिरतो आणि लिहिताना त्याचे ‘प्रतारणा’ होते. मग सासरच्या जाचाविषयी लिहिताना एखादी भगिनी ‘माझी प्रतारणा झाली’ असे लिहिते. तिला म्हणायचे असते की, आपणास त्रास देण्यात आला. वाचणाऱ्याला वाटते की, तिला फसवण्यात आले. जाच आणि फसवणूक या दोन्ही गोष्टी गंभीर आहेत. परंतु त्यांची चौकशी वेगळी, पुरावा वेगळा आणि कायद्यातील जागाही वेगळी.

या घोटाळ्याला आणखी एक कारण आहे. संस्कृतातील ‘छल’ या शब्दाचा अर्थ कपट, फसवणूक. हिंदीने तो अर्थ जतन केला. मराठीत मात्र ‘छल’चा ‘छळ’ झाला आणि त्याचा अर्थ जाच असा रूढ झाला. जुना अर्थ ‘छळकपट’ या जोडशब्दात तेवढा उरला आहे. म्हणजे हिंदीतील ‘छल’ ही मराठीतील प्रतारणा आणि हिंदीतील ‘प्रताडना’ हा मराठीतील छळ. शब्दांची अशी अदलाबदल झाल्यावर सामान्य माणसाचा गोंधळ उडाला, तर दोष त्याचा नव्हे. मात्र तो गोंधळ दूर करणे हे शिकवणाऱ्याचे आणि अर्ज लिहून देणाऱ्याचे काम आहे.

शब्दाचे कुळ

शब्द लक्षात ठेवण्याचा पहिला उपाय म्हणजे त्याचे कुळ पाहणे. ‘प्रतारणा’ या शब्दाच्या मुळाशी ‘तॄ’ हा संस्कृत धातू आहे. त्याचा अर्थ तरणे, ओलांडून जाणे. या एका धातूपासून मराठीच्या नित्य वापरातील किती शब्द आले आहेत, हे पाहिले म्हणजे नवल वाटते. नदी जेथे ओलांडता येते ते तीर्थ. वरून खाली येणे तो अवतार. नाव किंवा जहाज म्हणजे तारू. संकटातून पार नेतो तो तारक. कर्जदाराने कर्जाच्या सुरक्षिततेसाठी ठेवलेली वस्तू म्हणजे तारण. लोकांपर्यंत वस्तू पोहोचवणे हे वितरण. मूळ कागदावरून उतरून घेतलेली प्रत म्हणजे उतारा. सातबाराचा उतारा मागण्यासाठी आलेला शेतकरी नकळत याच धातूचा उच्चार करीत असतो.

याच धातूला ‘प्र’ हा उपसर्ग लागून ‘पार नेणे, पुढे नेणे’ या अर्थाचे प्रयोजक रूप झाले आणि ते ‘भलतीकडे नेणे, फसवणे’ या अर्थी रूढ झाले. त्यापासून ‘प्रतारणा’ हे नाम आले. फसवणारा तो प्रतारक आणि फसवला गेलेला तो प्रतारित. वर्गात शिकवताना येथे एक चित्र विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर उभे करावे. नदीला पाणी आहे. पैलतीरी नेतो असे सांगून नावाडी प्रवाशाला नावेत बसवतो, त्याच्याकडून आगाऊ पैसे घेतो आणि भलत्याच काठाला उतरवून निघून जातो. नावाड्याने प्रवाशाला ढकलून नावेत घातलेले नाही. प्रवासी स्वतःच्या पायांनी चढला आणि त्याने स्वतःच्या हाताने पैसे दिले. तारण्याचे वचन देऊन केलेला घात म्हणजे प्रतारणा. हे चित्र केवळ आठवणीच्या सोयीसाठी आहे. पण ते एकदा मनात बसले म्हणजे ‘प्रताडना’शी घोटाळा होण्याचे कारण राहत नाही.

या चित्रात प्रतारणेचे मर्मही आले आहे. चोर धन्याच्या नकळत वस्तू नेतो. दरोडेखोर बळाने नेतो. प्रतारणेत धनी ती वस्तू आपण होऊन देतो, कारण त्याला खोट्या गोष्टी खऱ्या म्हणून सांगितलेल्या असतात. येथे हत्यार एकच, ते म्हणजे त्याचा विश्वास. ‘गोड बोलून गळा कापणे’ हा वाक्प्रचार लोकांनी याच अनुभवातून घडवला.

उतारा, तारण आणि वितरण

ग्रामीण कारभाराशी संबंध असलेल्यांनी याच कुळातील तीन शब्द विशेष ध्यानात ठेवावेत : उतारा, तारण आणि वितरण. गावातील बहुतेक व्यवहार या तिन्हींभोवती फिरतात आणि प्रतारणाही बहुधा तेथेच घडते.

उताऱ्यावर विश्वास ठेवून जमिनीचा व्यवहार होतो. जुना उतारा दाखवून, त्यावरील नंतरच्या नोंदी लपवून, आधीच विकलेली जमीन पुन्हा दुसऱ्याला विकली तर ती घेणाऱ्याची प्रतारणा होय. म्हणून व्यवहारापूर्वी ताजा उतारा व फेरफाराच्या नोंदी पाहण्याचा आग्रह धरावा लागतो. तारणावर विश्वास ठेवून कर्ज मिळते. गोदामातील एकच माल लपवाछपवी करून दोन ठिकाणी तारण ठेवला, तर सावकाराची किंवा संस्थेची प्रतारणा होते. उलट, तारण म्हणून कागदावर अंगठा घेतला आणि कागद मात्र खरेदीखताचा निघाला, तर कर्जदाराची प्रतारणा होते. वितरणावर विश्वास ठेवून गरीब कुटुंब धान्याच्या दुकानासमोर उभे राहते. मृत किंवा गाव सोडून गेलेल्या माणसांच्या नावाने धान्य उचलले गेले, तर शासनाची फसवणूक होते आणि ज्याच्या तोंडचा घास गेला त्याची वंचना होते.

येथे ‘वंचना’ हा दुसरा शब्द सहज आला. त्याचा विचार केल्यावाचून ‘प्रतारणा’ पुरती कळत नाही.

शेजारचे शब्द

शब्द एकटा राहत नाही. अमरकोशासारख्या प्राचीन कोशाने एका अर्थाचे शब्द एकत्र गुंफले आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी ते तसे पाठ केले. शेजारी शेजारी ठेवलेले शब्द एकमेकांची आठवण करून देतात आणि त्यांच्यामधील सूक्ष्म भेदही दाखवतात.

‘वंचना’ म्हणजेही फसवणूक. ‘आत्मवंचना’ या शब्दात तो अर्थ आजही स्पष्ट आहे : स्वतःच स्वतःला फसवणे. याच शब्दाचे विशेषण ‘वंचित’. संस्कृतात वंचित म्हणजे फसवला गेलेला. आज त्याचा अर्थ ‘ज्याला मिळाले नाही तो’ असा झाला आहे. शासकीय अहवालांत ‘सोयींपासून वंचित’ असे लिहिताना या शब्दाचा पहिला अर्थ कोणाच्या लक्षात येत नाही. तो लक्षात घेतला तर अहवालातील ते वाक्य अधिक जबाबदारीचे वाटू लागते. जे देण्याचे कबूल केले ते पोहोचले नाही, तर ज्याला ते मिळाले नाही त्याच्या दृष्टीने ‘तोंडाला पाने पुसणे’ आणि ‘वंचित राहणे’ यांत फारसे अंतर नसते.

‘छद्म’ या शब्दाच्या मुळाशी झाकणे हा अर्थ आहे. आच्छादन हा शब्द त्याचाच आप्त. खरे रूप झाकणे ते छद्म. ‘व्याज’ हा शब्द तर मौजेचा आहे. मराठीत व्याज म्हणजे मुदलावरील वाढ. संस्कृतात त्याचा अर्थ निमित्त, बहाणा, कपट. म्हणूनच ‘निर्व्याज प्रेम’ म्हणजे कपट नसलेले प्रेम. निर्व्याज आणि बिनव्याजी यांतील फरक विचारल्यावर वर्गात हशा पिकतो आणि त्या हशाबरोबर शब्द कायमचा लक्षात राहतो.

कायद्याच्या भाषेने या शब्दांच्या सीमा अधिक काटेकोर आखल्या आहेत. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या मराठी पाठात कलम ४१५ मधील गुन्ह्याला ‘ठकवणूक’ असे नाव आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, २०२३ अमलात आली आणि तिच्या कलम ३१८ मध्ये हा गुन्हा आला आहे. दुसऱ्याच्या ताब्यात विश्वासाने आलेली वस्तू त्याने स्वतःसाठी वापरली तर तो अपहार. खोटा दस्तऐवज तयार करणे हे बनावटीकरण. आपण जो नाही तो असल्याचे भासवून ठकवणे ही तोतयेगिरी. ‘प्रतारणा’ हा व्यापक, साहित्यिक शब्द आहे. तो भाषणात शोभतो. तक्रारीत मात्र नेमका शब्द हवा.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. दिलेले वचन पाळता न येणे ही प्रत्येक वेळी ठकवणूक नव्हे. वचन देतानाच ते न पाळण्याचा, फसवण्याचा हेतू असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत स्पष्ट केले आहे. पाऊस न पडल्यामुळे हप्ता चुकलेला शेतकरी ठक ठरत नाही. घेतानाच बुडवण्याचे ठरवणारा तो ठक. हा विवेक पंचायतीत तंटा ऐकणाऱ्याजवळ असला, तर पुष्कळ निरपराध माणसांची अब्रू वाचते.

कथेला बांधलेला शब्द

शब्द कथेला बांधला की तो विसरत नाही. ‘तोतया’ हा त्याचा उत्तम दाखला होय. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु ते जिवंत असतील, ही आशा अनेकांच्या मनातून गेली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनीही वैधव्य स्वीकारले नाही. या आशेचा लाभ घेऊन काही वर्षांनी एक मनुष्य ‘मीच भाऊ’ असे सांगत पुढे आला. माधवराव पेशव्यांच्या काळात चौकशी होऊन त्याचे सोंग उघडे पडले व त्याला कैदेत ठेवण्यात आले. पुढे १७७६ मध्ये तो रत्नागिरीच्या कैदेतून सुटला. कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले, पुष्कळ माणसे त्याला मिळाली आणि पेशवाईच्या कारभाऱ्यांना त्याच्यावर फौज धाडावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकर यांनी या प्रसंगावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले आणि तो शब्द घरोघरी गेला. लोक मूर्ख होते म्हणून तोतया फावला, असे म्हणता येणार नाही. त्यांच्या मनात दुःख होते आणि आशा होती. तोतयाने तिचाच उपयोग केला.

आजचा तोतया घोड्यावर बसून येत नाही. तो दूरध्वनीवरून येतो. कधी बँकेचा अधिकारी म्हणून गुप्त संकेतांक विचारतो. कधी पोलिसाचा गणवेश घालून पडद्यावर दिसतो आणि ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असे धमकावून पैसे मागतो. अशा प्रकारची कोणतीही अटक भारताच्या कायद्यात नाही. पानिपतानंतरच्या तोतयाने आशेचा फायदा घेतला, आजचा तोतया भीतीचा घेतो. दोघांनाही एकच शब्द लागू पडतो. ज्याने तो शब्द कथेसह शिकला आहे, त्याला पडद्यावरील गणवेश पाहून क्षणभर तरी थांबण्याची बुद्धी होईल. पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. रक्कम पुढे जाण्याआधी थोपवण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वांत अधिक असते.

‘चारसोबीस’ हा शब्दही असाच. दंड संहितेच्या कलम ४२० वरून तो लोकांनी घडवला. आता नव्या गुन्ह्यांसाठी ते कलम उरलेले नाही. तरी बाजारात लबाड माणसाला लोक ‘चारसोबीस’च म्हणतात. कायदा बदलला, शब्द राहिला. कारण तो लोकांच्या अनुभवात रुजला होता.

स्मरणाची रीत

स्मरणशक्तीचा पद्धतशीर अभ्यास जर्मनीतील हर्मान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने केला आणि १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःचीच परीक्षा घेतली. शिकलेल्यापैकी बराच भाग पहिल्या काही तासांतच विसरला जातो आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्याला आढळले. एकाच बैठकीत पुष्कळ वेळा घोकण्यापेक्षा दिवसांचे अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक फलदायी ठरते, हेही त्याने दाखवले. अर्थपूर्ण कविता पाठ करण्यास त्याला निरर्थक अक्षरांच्या मानाने सुमारे एकदशांशच श्रम पडले. यातील बोध शिक्षकाला उपयोगी आहे : अर्थावाचून घोकंपट्टी करणे हा सर्वांत महाग मार्ग.

त्यावरून एक साधा क्रम सुचवता येतो. पहिल्या दिवशी शब्द फळ्यावर लिहून त्याचे कुळ सांगावे आणि नावाड्याचे चित्र उभे करावे. दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता विद्यार्थ्यांना अर्थ विचारावा. सांगितलेले पुन्हा ऐकण्यापेक्षा स्वतः आठवण्याने शब्द पक्का होतो. आठवड्याने प्रत्येकाने आपल्या गावातील व्यवहारावर एक वाक्य लिहावे. महिन्याने प्रतारणा, छळ, अपहार, तोतयेगिरी आणि वंचना हे पाच शब्द देऊन पाच प्रसंग सांगावेत आणि योग्य शब्द निवडण्यास सांगावे. गावात ‘गंडा घातला’, ‘टोपी घातली’, ‘थापा मारल्या’ असे जे बोलले जाते, ते तुच्छ मानू नये. तेथूनच आरंभ करून ग्रंथातील शब्दापर्यंत जावे. ओळखीच्या शब्दाच्या हाताला धरून आलेला नवा शब्द परका राहत नाही.

प्रौढांसाठी ग्रामसभा ही उत्तम शाळा आहे. फसवणुकीची तक्रार कशी लिहावी, हे तेथे तीन प्रश्नांत शिकवता येते. काय सांगण्यात आले? त्यावर विश्वास ठेवून काय दिले? सांगितलेले खोटे होते आणि सांगणाऱ्याला ते ठाऊक होते, हे कशावरून? या तीन प्रश्नांची उत्तरे दिनांक, रक्कम आणि साक्षीदार यांसह कागदावर आली म्हणजे तक्रारीला आकार येतो. नुसते ‘माझी प्रतारणा झाली’ एवढेच लिहिले, तर शब्द भारी असूनही कागद हलका राहतो.

शब्दाचे बळ

प्रतारणेची सर्वांत मोठी इजा पैशाची नसते. ज्याच्या घरी चोरी होते तो ओरडतो, शेजारी धावतात. ज्याची प्रतारणा होते तो गप्प बसतो. पैसे त्याने स्वतःच्या हाताने दिलेले असतात. ‘एवढा शहाणा असून फसलास कसा?’ या प्रश्नाची त्याला धास्ती वाटते. ठेव बुडालेली विधवा, नोकरीच्या आमिषाने पैसे दिलेला तरुण, कोऱ्या कागदावर सही केलेला शेतकरी हे घरीही बोलत नाहीत. त्यांचे मौन हेच ठकाचे भांडवल ठरते, कारण या घरात कोणी बोलले नाही म्हणून तो पुढच्या घरी जातो.

अशा माणसाला सदस्याने किंवा शिक्षकाने शांतपणे सांगावे की, जे घडले त्याला भाषेत नाव आहे आणि कायद्यात जागा आहे. ‘मी मूर्खपणा केला’ असे म्हणणारा माणूस ‘माझी प्रतारणा झाली’ असे म्हणू लागला की त्याची मान वर होते. पहिल्या वाक्यात दोष त्याचा आहे. दुसऱ्यात तो ज्याचा आहे त्याच्याकडे गेला आहे. एवढा फरक एका शब्दाने पडतो.

म्हणून शब्द शिकवणे हे केवळ भाषेच्या तासाचे काम नाही. उतारा देणारा, तारण पाहणारा आणि वितरण करणारा प्रत्येक कर्मचारी लोकांना पार नेणाऱ्या नावेवर उभा आहे. त्याच धातूतून ‘प्रतारणा’ हा शब्दही निघाला आहे, हे त्याने विसरू नये. आणि नावेत बसणाऱ्यानेही तो शब्द ओळखून असावे.